दोन ज्योतींमधलं अंतर

पत्रिकेत विषय छापलाय 'मुलांबरोबर हनुकिया', म्हणजे हनुका सणाचं नऊ ज्योतींचं दीपदान; आठ रात्री रोज एक ज्योत वाढवायची, नववी बाकीच्या पेटवायला. सजावटीचं मी शेवटी बोलेन, वेळ उरला तर. बोलायचंय ते अंतराबद्दल.

आपण बेने इस्राएल ज्यू, आपले पूर्वज कोकणात शनवार तेली. शनिवारी घाणा बंद. आणि तेलाचा हा सण मात्र आपल्याकडे फार मागाहून आला. तेल्यांच्याच घरी! (हशा)

असो. तक्रार अशी, की मुलांची हनुकिया म्हटली की सगळे मिठाच्या कणकेकडे धावतात. दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ, एक वाटी पाणी. मुलं मेणबत्ती खुपसून भोक पाडतात. कणीक वाळताना आकसते, भोकही आकसतं. सणाच्या संध्याकाळी मेणबत्ती शिरत नाही, पोरं जोर लावतात, तडा जातो. भोक 2 मिमी मोठं ठेवलं तर हे टळतं. पण ज्योत तळाशी आली की पीठ करपतं, त्याचं काय? त्यासाठी आत धातूचा नट बसवावाच लागतो. वर पावसाळ्यात मीठ ओल ओढतं, पुढच्या वर्षी डब्यात चिकट गोळा. मी म्हणते, नट लागणारच आहे, तर कणीक हवी कशाला?

लाकडी पट्टी घ्या, 36 सेंमी लांब, 5 रुंद, 2 जाड. 12 मिमीचे नऊ नट. दुकानात जाताना खिशात एक मेणबत्ती न्या, नटात घालून बघा. सैल वाटली तर बुडाला फॉइल गुंडाळता येतं; घट्ट निघाली तर काही इलाज नाही. नट साबणानं धुवा, त्यांना मशीनचं तेल असतं, गोंद धरत नाही. ग्लू-गन नको, तो गोंद उष्णतेनं सुटतो. दोन ट्यूबांचं एपॉक्सी आणा, पण ते मोठ्यांनी लावायचं. पॉलिशपेपर, पट्टी, पेन्सिल मुलांच्या हाती.

आणि आता अंतर. नटाच्या मध्यापासून पुढच्या नटाच्या मध्यापर्यंत साडेतीन सेंमी. कमी केलंत तर शेजारच्या ज्योतीनं मेणबत्ती वाकते, मेण धो धो वाहतं. ज्योती एकमेकींत मिसळल्या तर मोजायचं काय? भांड्यात तेल भरून कडेनं वाती लावल्या आणि वर झाकण नसलं तर ती शेकोटी होते, असं तालमुदातच, आपल्या जुन्या धर्मशास्त्रातच आहे. आठही एका ओळीत, एका उंचीवर. शमाश, म्हणजे बाकीच्या पेटवणारी नववी, पाच सेंमी बाजूला आणि उंच. उंचीसाठी नटावर नट रचू नका, मेणबत्ती भोकातून थेट खाली जाऊन बसते. अडीच सेंमीचा लाकडी ठोकळा लावा, त्यावर नट.

चिठ्ठी आली, पाचच मिनिटं आहेत म्हणे. मग भरभर. मेणबत्त्या उजवीकडून डावीकडे रचा, पेटवताना मात्र नवी आधी, म्हणजे डावीकडून. शमाश धरून एकूण 44 लागतात, बेरीज मुलांकडून करून घ्या. शुक्रवारी शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या विसाव्याच्या दिव्यांआधी लावायचं, आणि अंधार पडल्यावर अर्धा तास जळायला हवं; बारीक मेणबत्ती तेवढी पुरत नाही, त्या दिवशी जाड आणा. त्या नटात मावणार नाहीत, काचेच्या नऊ छोट्या वाट्या काढून ठेवा. खाली स्टीलचं ताट, पडद्यापासून लांब.

रंग? रंगवा, पण नटाखालची जागा कोरी सोडून. गोंद रंगाला चिकटतो आणि रंगासकट निघतो. चमकी, कागद काही नको. नटातलं मेण गरम पाण्यानं सुटतं. ते पाणी मोरीत ओतू नका, पाईपमध्ये मेण गोठतं.