पाणी मण्याला विचारून द्या
(गावातल्या वाचनालयात दसऱ्यानंतर झालेलं व्याख्यान. बोललं तसंच ठेवलं आहे, फक्त थोडं नीट करून.)

नमस्कार जी सगळ्यांना. मागे बसलेल्या काकू, पुढे या ना, कारण मी जे दाखवणार आहे ते लय बारीक आहे, वाटाण्यापेक्षाही लहान, तिकडून नाही दिसणार.

हे शिंकं पाहिलं? आपल्याकडे यात दुधाचं गाडगं टांगायचे, मी यात कुंडी टांगली आहे अन् तिच्यातून ह्या ज्या हिरव्या मण्यांच्या लडी खाली आल्या आहेत त्याला नर्सरीवाले स्ट्रिंग ऑफ पर्ल्स म्हणतात, आपण मोत्याची माळ म्हणू. ज्यांनी ज्यांनी हे विकत आणून मारलं त्यांनी हात वर करा. हं, बरेच आहेत. मी स्वतः दोन मारले, तिसरं हे, अन् ते पाचव्या वर्षात आहे.

आधी चिवळीबद्दल बोलते. चिवळीची भाजी कोणाला माहीत नाही? भर उन्हाळ्यात मेथी, पालक माना टाकतात तेव्हा चिवळ जमिनीला चिकटून मस्त पसरते, कारण तिचं पान जाड आहे, त्यात पाणी भरलेलं राहते, चिमटीत दाबलं की बोटं ओली होतात. मोत्याची माळ त्याच रीतीची, पाणी पानात साठवणारी अन् लोंबत-पसरत जाणारी. म्हणून मला सुरुवातीला वाटलं की चिवळ जगते तर हीपण आपल्या उन्हात जगेल, अन् तिथंच मी चुकली. चिवळ आपली आहे, तिला वैशाख माहीत आहे. ही दक्षिण आफ्रिकेची, तिथल्या ईस्टर्न केपकडच्या कोरड्या भागातली, अन् तिथंही ती उघड्या उन्हात नाही राहत, दगडाच्या अन् झुडपाच्या सावलीत जमिनीवर सरपटते, जिथं टेकते तिथं मूळ धरते. टांगणं आपण शिकवलं तिला. १९६८ साली हर्मन जेकबसन नावाच्या माणसानं तिचं शास्त्रीय वर्णन केलं अन् गॉर्डन रॉली नावाच्या इंग्रज वनस्पती अभ्यासकाच्या नावावरून सेनेसिओ रॉलियानस असं नाव ठेवलं, आता नव्या वर्गीकरणात तिला क्युरिओ म्हणतात. कुळ कोणतं म्हणाल तर सूर्यफुलाचं, झेंडू-शेवंतीचं, अन् ऐकून बरं नाही वाटणार पण आपल्या धुऱ्यावरचं गाजरगवतही त्याच कुळातलं.

आता हा एक मणी तोडून देते, हातोहात फिरवा, फक्त पोरांनो तोंडात नका घालू, ते नंतर सांगते. हा मणी म्हणजे फळ नाही, बी नाही, हे पान आहे. गोल काऊन? कारण तेवढंच पाणी सपाट पानात भरलं असतं तर वाफ व्हायला जागा जास्त मिळाली असती, गोलाला बाहेरची बाजू सगळ्यात कमी राहते. पण गोल झाल्यावर आतल्या भागाला उजेड कसा मिळेल? नीट पहा, मण्यावर एक बारीक पारदर्शक रेघ आहे, नखानं ओढल्यासारखी. आपल्या जुन्या कवेलूच्या घरात मधात एक काचेचं कवेलू बसवायचे ना, स्वयंपाकघरात उजेड पडावा म्हणून, ही रेघ म्हणजे ते काचेचं कवेलू. उजेड तिथून आत जाते अन् मणी आतूनही अन्न तयार करते. मी पहिल्यांदा भिंग लावून हे पाहिलं तेव्हा कितीतरी वेळ तिथंच उभी राहिली, भाजी लागली होती खाली तरी.

अन् हीच रेघ आपल्याला पाणी कधी द्यायचं ते सांगते. मणी भरलेला असला की रेघ उघडी, रुंद दिसते. तहान लागली की मणी थोडा आकसते, रेघ मिटल्यासारखी होते, चिमटीत धरलं तर टणक न लागता थोडं दबते. तेव्हा पाणी, त्याच्या आधी नाही. दर रविवारी पाणी, दर गुरुवारी पाणी असं ठरवूच नका, आपल्याकडे जुलैचा रविवार अन् जानेवारीचा रविवार एक नसतो.

माझं पहिलं झाड मी शहरातल्या एका नर्सरीतून आणलं, घरी आल्याबरोबर प्रेमानं त्याला आपल्या वावरातली काळी माती दिली. काळी माती कापसाला माय आहे पण या झाडाला ती गळफास आहे, ओली झाली की आठ-आठ दिवस सुटत नाही अन् वाळली की भेगा पडून बारीक मुळं तोडते. पंधरा दिवसांत गेलं. दुसरं मी रेतीत लावलं, ते छान वाढलं, अन् मे महिन्यात छपरीत टिनाखाली टांगलं. ४५ डिग्रीला टिनाखाली हात धरून पहा तुम्ही. तरी ते तेव्हा मेलं नाही, नुसतं थांबलं. अशी पाणी साठवणारी बरीच झाडं पाणी उडू नये म्हणून दिवसा पानांची छिद्रं बंद ठेवतात अन् हवा घ्यायला रात्री गारव्यात उघडतात, आपल्याकडे मे महिन्यात रात्रच गार होत नाही तर बिचारं झाड करेल काय, ते वाढ थांबवून बसते. मी समजली तहानलं, अन् रोज गिलासभर पाणी देऊन राहिली. मग मृगाचा पाऊस आला, हवा दमट झाली, मणी सुरकुतले, मी अजून पाणी दिलं.

एक दिवस सकाळी सासूबाई चहा पिता पिता उठल्या, एक मणी चिमटीत धरला अन् म्हणाल्या, "हा तहानला नाही वो, हा बुडाला." मी म्हटलं कसं काय, सुरकुतला तर आहे. त्यांनी तुराटीची एक काडी घेतली, कुंडीत बुडापर्यंत खुपसली, बाहेर काढली तर काडीला ओली रेती चिकटून आली. लड हलकेच ओढली तर अलगद हातात आली, खाली मुळच नव्हतं, नुसतं काळं टोक, अन् कुजट वास. मूळ सडलं की झाडाला पाण्यात उभं राहूनही पाणी पिता येत नाही, म्हणून वरचा मणी तहानल्यासारखाच दिसते. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटते म्हणून पुन्हा सांगते. सुरकुतलेला मणी पाहिला की आधी तुराटी खुपसा. काडी कोरडी आली तर पाणी द्या. ओली आली तर पाणी बंद, वरच्या चांगल्या लडी तोडून नव्यानं लावा, जुनं झाड वाचवत बसू नका. अन् मणी पिवळट, पारदर्शक होऊन बोटात फुटत असेल तर काडीचीही गरज नाही, ते पाणी जास्त झालं म्हणूनच.

तिसऱ्या झाडाला मी दोन टोपले जाडी रेती, एक टोपलं विटांचा चुरा, तुकडे ज्वारीच्या दाण्यापासून हरभऱ्याएवढे, अन् एक टोपलं पूर्ण कुजलेलं शेणखत असं मिश्रण केलं. मुळं वरच्यावर राहतात म्हणून कुंडी उथळ पाहिजे. मी कुंभारदादाला आधीच सांगून ठेवते, ओल्या मातीतच बुडाला तीन भोकं पाडा म्हणून, भाजल्यावर पाडायला गेलं की तडकते.

पाणी कोणतं, हे आपल्या गावात विचारलंच पाहिजे. आपण खारपाणपट्ट्यात राहतो, पूर्णेच्या खोऱ्यातला अमरावती, अकोला, बुलडाण्याचा हा पट्टा, बोअरचं पाणी तोंडात धरवत नाही. ते पाणी कुंडीला दिलं की काही महिन्यांत कडेवर पांढरं फूल येते, ते मीठ आहे, अन् माती खारी झाली की मुळाला ओल असूनही पाणी ओढता येत नाही. मी पन्हाळीखाली ड्रम ठेवते, पावसाचं पाणी झाकून ठेवलं की या झाडांना वर्षभर पुरते, कारण लागतेच किती. हिवाळ्यात माझ्याकडे दहा-बारा दिवसांनी एकदा, पण देताना पूर्ण, खालून निथळेपर्यंत, अन् खालच्या ताटलीतलं पाणी फेकून द्यायचं. पावसाळ्यात कधी कधी महिनाभर देत नाही. उन्हाळ्यात थोडं, सकाळी सकाळी, अन् कूलरच्या हवेच्या तोंडाशी टांगू नका, तिथं माती वाळतच नाही.

जागा म्हणाल तर पूर्वेची खिडकी, सकाळचं कोवळं ऊन दोन तास. एक गोष्ट लोक विसरतात, खालच्या लडींना उजेड मिळते पण कुंडीचं डोकं छताजवळ अंधारात राहते अन् वरून झाड टकलं होते. कुंडीच्या वरच्या मातीवर उजेड पडला पाहिजे. टक्कल पडलंच तर दोन-तीन लांब लडी उचलून मातीवर गोल गुंडाळायच्या, तारेचा आकडा करून टोचायच्या, जिथं टेकतील तिथं मुळं फुटतात. तिच्या मूळ गावी ती तशीच राहते ना.

मागून कोणीतरी विचारलं, पांढरा कापूस लागते मण्यांच्या मधात, तो काय? तो पिठ्या ढेकूण, आपल्या पऱ्हाटीवर येते तोच घराण्यातला. देवाची वात असते तिचं टोक मेडिकलच्या स्पिरिटात बुडवून एकेक पुसायचा, आधी एकाच लडीवर करून पाहायचं. पण हात जोडून सांगते, कपाशीचं उरलेलं औषध घरातल्या कुंडीवर मारू नका. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं आपले शेतकरी, शेतमजूर गेले, ते विसरायला जागा नाही. ते औषध खिडकीत, लेकरांच्या हाताशी, अजिबात नको.

अन् लेकरांचं राहिलंच होतं. हे मणी वाटाण्यासारखे दिसतात पण विषारी आहेत, पोटात गेले तर उलट्या, जुलाब होतात, चीक लागला तर काहींना खाज सुटते. लहान लेकरू, शेळी, मांजर पोचणार नाही इतकं उंच टांगा. शिंकं त्यासाठीच तर होतं.

आपल्याकडे हे झाड वाढते कोजागिरीपासून होळीपर्यंत, लोक मात्र मार्चमध्ये हौसेनं आणतात, मग पुढं ऊन. म्हणून मी आज आली. गेल्या फेब्रुवारीत याला फुलं आली होती, पांढरी, दाढीच्या ब्रशसारखी, अन् वास कलमीचा, म्हणजे दालचिनीचा, थोडा लवंगेचा. माझी नात म्हणे आजी मसालेभात केला का.

इथं टेबलावर वीस लडी आहेत, प्रत्येकी चार-पाच बोटं लांब, परवा तोडल्या, टोकं सावलीत सुकली आहेत. एकेक न्या. प्लास्टिकच्या पिशवीत नको, पेपरात गुंडाळून न्या. खालचे तीन-चार मणी काढून टाका, देठ रेतीवर आडवं ठेवा, थोडं दाबा, अन् पहिले पाच-सहा दिवस पाणी नाही, मग नुसता शिडकावा. वीस-पंचवीस दिवसांनी हलकेच ओढून पहा, धरून ठेवलं तर मूळ फुटलं. काकू, तुम्ही ती जाड देठाची घ्या, ती लवकर लागेल.