फोटोत नसलेलं काम

[दृश्य: जुना अल्बम, पानं उलटणारे हात]

आमच्या घरच्या अल्बममध्ये लग्नं आहेत, बारशी आहेत, सोलापूरच्या गड्ड्यावर, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेत, रंगीत पडद्यासमोर काढलेला फोटो आहे. शेतात काम करतानाचा मात्र एकही नाही. कॅमेरा समोर यायचा तो सणासुदीला, आणि हात रिकामे असायचे तेही तेव्हाच. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात आमचं बालपण गेलं, त्याची कागदावर कुठंच नोंद नव्हती. म्हणून मी ते चित्रकथेत मांडायला घेतलं. काळी शाई, चौकटीमागून चौकट.

[दृश्य: टेबलावर पसरलेली कच्ची रेखाटनं]

इथली ज्वारी रब्बीची. पावसाळा सरताना पेरायची. पुढं सगळं पीक जमिनीतल्या ओलीवर उभं राहतं. मालदांडी या वाणाचा पांढरा टपोरा दाणा, आणि जनावरांना गोड लागणारा कडबा. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालं.

दाणा भरायला लागला की पाखरं उतरायची आणि पोरांची शाळा बुडायची. रानात राखणीला बांधलेल्या उंच माळ्यावर चढायचं, गोफण गरगर फिरवायची, घसा बसेपर्यंत ओरडायचं. मोठी माणसं सांगतात, पोरांना मजा यायची. यायचीच. पण भर दुपारी माळ्यावर एकटं उभं असलेलं नऊ-दहा वर्षांचं पोर कसं दिसतं, तेही मी काढलंय. त्या पानावर एकच चौकट आहे, आणि तिच्यात जवळजवळ सगळं आभाळच.

[दृश्य: काढणीची चार चित्रं, एकेक करून]

सगळ्यात जास्त पानं मी काढणीला दिली. आमच्याकडं ज्वारी विळ्यानं कापत नाहीत, मुळासकट उपटतात. ताटं मुठीत धरायची, कमरेतून हिसका द्यायचा, मुळं वर आली की पायावर आपटून माती झाडायची, आणि पुढं सरकायचं. फोटोत यातलं एकच काहीतरी सापडलं असतं. चित्रात चारही येतात, पण ती काढायची तर अंगठा कुठं असतो, पदर कुठं खोचतात, हे नक्की माहीत हवं. ते आज्जीला विचारावं लागतं. ती खाटेवर बसूनच दाखवते. ‘अगं, मुठीत लई ताटं धरू नगंस. मनगाट जातंय न्हाईतर.’

हात दाखवता दाखवता बाकीचं येतं. ‘तुझी गोष्ट सांग’ म्हटलं की आज्जी गप्प बसते. ‘खडी फोडायचा हातोडा केवढा होता गं?’ म्हटलं की तासभर बोलते. तिचं माहेर सीमेपलीकडं, इंडी तालुक्यात. बैलांशी ती अजून कन्नडमध्येच बोलते. १९७२ च्या दुष्काळात रान कोरडं पडलं, तेव्हा ती रस्त्याच्या कामावर गेली. माझे वडील तान्हे होते. त्यांना बाभळीच्या सावलीत झोळीत टाकून ती खडी फोडायची. हे मला आधी घरात कुणीही सांगितलं नव्हतं.

[दृश्य: सातबारा उतारा, मग वंशावळीचं पान]

आमच्या जुन्या सातबाऱ्यावर पणजोबा आहेत, आजोबा आहेत, वडील आणि चुलते आहेत. त्यावरून वंशावळ मांडली तर एकही बाई येत नाही, आणि मला ते चालणार नव्हतं. माझ्या पुस्तकातली वंशावळ कामावरून आहे. पाभरीच्या, म्हणजे पेरणीच्या अवजाराच्या, चाड्यावर बियाण्याची मूठ धरणारी आज्जी. पाभर हाकणारे आजोबा. कणसं खुडणारी आई. मागून सरवा, म्हणजे रानात राहून गेलेली कणसं, वेचणारी आम्ही भावंडं. पदरात किती कणसं जमली यावरून होणारी आमची भांडणंसुद्धा त्या पानावर आहेत.

आता खुडणीचं प्रकरण राहिलंय, ते आईचं. तिला फोनवर विचारलं, कणीस कोणत्या हातानं मोडतेस? म्हणाली, ‘असं फोनवर काय सांगू? सुगीला ये अन् पाथ धर माझ्याबरूबर.’ फेब्रुवारीत जातेय. वही घेऊन.