आधी रॉम, मग फोन

(दृश्य : बुधवार पेठ, तपकीर गल्ली. शटर वर जाताहेत. टांगलेल्या केबली, कव्हरं, काउंटरवर फोनची सीलबंद खोकी.)

पुण्याच्या बुधवार पेठेतली ही तपकीर गल्ली. विजेच्या माळांपासून मोबाइलच्या सुट्या भागांपर्यंत इथे काय मिळत नाही! फोन बघायला आलेल्या गिऱ्हाइकाचे प्रश्न ठरलेले असतात. रॅम किती, कॅमेरा कसा, शेवटचा भाव काय. या फोनचा बूटलोडर, म्हणजे सिस्टिम सुरू करणारा प्रोग्रॅम, उघडतो का, हे मात्र क्वचितच कुणी विचारतं. पण कंपनीने दिलेलं अँड्रॉइड काढून आपल्या पसंतीची रॉम, म्हणजे दुसरी सिस्टिम, घालायची असेल, तर पहिला प्रश्न हाच.

(दृश्य : फोन चालू होतोय. काळ्या पडद्यावर कंपनीची खूण.)

बटण दाबल्यावर पहिल्या काही क्षणांत बूटलोडर जागा होतो. पुढे जी सिस्टिम सुरू व्हायची आहे, तिच्यावरची डिजिटल सही तो तपासतो. सही जुळली तर फोन पुढे जातो, नाही जुळली तर तिथेच अडतो. हे कुलूप हवंच. चोराच्या हाती फोन पडला किंवा कुणी गुपचूप सिस्टिम बदलली, तर तेच आपलं रक्षण करतं. मात्र किल्ली कुणाकडे असावी, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. ज्याने पैसे मोजले, त्याच्याकडे.

(दृश्य : लॅपटॉपवर सोर्स कोडच्या ओळी सरकताहेत.)

हे सगळं शक्य होतं ते दोन गोष्टींमुळे. अँड्रॉइडचा मूळ कोड खुला आहे. आणि त्याच्या पोटातलं लिनक्स कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, जीपीएल आवृत्ती २ या परवान्याखाली येतं, त्यामुळे फोन विकणाऱ्या कंपनीला आपल्या कर्नलचा कोड द्यावा लागतो. २००९ मध्ये सायनोजेनमॉड ही रॉम सुरू झाली ती याच बळावर. पुढे तिच्या नावाने कंपनी निघाली, २०१६च्या डिसेंबरमध्ये त्या कंपनीने गाशा गुंडाळला, आणि त्याच महिन्यात स्वयंसेवकांनी तोच कोड उचलून लिनिएज ओएस उभं केलं. कंपनी गेली तरी कोड बुडाला नाही. खुल्या कोडची खरी कमाई ही.

मोडेम, कॅमेरा, बोटाच्या ठशाचा सेन्सर यांचे ड्रायव्हर, म्हणजे हे भाग चालवणारे प्रोग्रॅम, मात्र बंदच असतात. ते मूळ फोनमधून जसेच्या तसे उचलावे लागतात. म्हणून एका फोनची रॉम दुसऱ्यावर चालत नाही, आणि नवीन मॉडेल बाजारात आलं की त्याची रॉम यायला वेळ लागतो. कधी ती येतही नाही. जून २०२५ मध्ये अँड्रॉइड १६चा कोड जाहीर झाला, तेव्हा गूगलने आपल्या पिक्सेल फोनसाठीच्या जुळणीच्या फायली त्यात दिल्या नाहीत. एरवी आयतं मिळणारं काम त्या दिवसापासून रॉम बनवणाऱ्यांच्या डोक्यावर आलं.

(दृश्य : टेबलावर शेजारी शेजारी ठेवलेले फोन, प्रत्येकावर वेगळी सिस्टिम.)

निवडायचं काय? सुरक्षितता सगळ्यात आधी हवी असेल, तर ग्राफीन ओएस. ते सध्या पिक्सेलवरच चालतं, आणि त्याला कारण आहे. स्वतःच्या किल्लीने सही केलेली सिस्टिम घालून बूटलोडर पुन्हा लॉक करण्याची सोय पिक्सेल देतो. गूगल प्ले लागत असेल, तर ग्राफीनमध्ये ते साध्या ॲपसारखं चालतं, कोणतेही खास अधिकार न घेता. नको असेल तर टाकूच नका. पिक्सेल ८पासून पुढच्या फोनना गूगलने सात वर्षांचे अपडेट जाहीर केले आहेत, तेव्हा फोनही लवकर बाद होत नाही.

पिक्सेल परवडत नसेल, तर लिनिएज. त्याच्या यादीत शाओमी, मोटोरोला, वनप्लस असे बरेच फोन आहेत. गूगल जवळपास नकोच, पण नोटिफिकेशन वेळेवर हवीत, अशांसाठी ई ओएस आहे. त्यात गूगलच्या सेवांऐवजी मायक्रो-जी नावाचा खुला पर्याय आधीपासून बसवलेला असतो. उबुंटू टच आणि पोस्टमार्केट ओएस या लिनक्सच्या सिस्टिम शिकायला उत्तम, पण रोजच्या एकुलत्या एका फोनवर नकोत.

(दृश्य : लिनिएजच्या यादीचं पान. बोट एका नावावर थांबतं.)

यादी वाचताना खोक्यावरच्या नावावर जाऊ नका. भारतात रेडमी नोट ९ प्रो म्हणून विकला गेलेला फोन परदेशात नोट ९ एस होता, आणि परदेशातला नोट ९ प्रो निराळाच. खरी ओळख सांकेतिक नावात असते. भारतातला तो फोन म्हणजे कर्टाना, पिक्सेल ७ए म्हणजे लिंक्स. हे नाव आणि मॉडेल नंबर जुळले, तरच पुढे जा. त्या पानावर शेवटचं बिल्ड, म्हणजे रॉमची तयार फाइल, कोणत्या तारखेचं आहे तेही बघा. महिनोन् महिने बिल्ड नसेल, तर तो फोन कुणी सांभाळत नाही असं समजा.

(दृश्य : काउंटरवर वापरलेला पिक्सेल. सेटिंग्ज उघडलेली, पडद्यावर अंगठा.)

वापरलेला फोन घेताना ही चाचणी पैसे देण्याआधी, दुकानातच करा. आपल्या मोबाइलचा हॉटस्पॉट लावा, कारण पुढचं बटण काही वेळा इंटरनेटशिवाय जागं होत नाही. सेटिंग्ज, मग अबाउट फोन, सगळ्यात खाली बिल्ड नंबर. त्यावर सात वेळा टिचकी. मागे येऊन सिस्टिममध्ये डेव्हलपर ऑप्शन्स, आणि त्यात ओईएम अनलॉकिंग. बटण सरकलं तर मार्ग मोकळा आहे. इंटरनेट असूनही ते फिकट राहिलं, तर फोन खाली ठेवा. अमेरिकेत व्हेरायझन या मोबाइल नेटवर्क कंपनीने विकलेल्या पिक्सेलचं हे बटण उघडत नाही, आणि दुरुस्तीवाल्याकडेही त्यावर भरवशाचा उपाय नाही.

शाओमीच्या जुन्या, एमआययूआय सिस्टिमच्या फोनला थांबावं लागतं. सिम घाला, मोबाइल डेटा सुरू ठेवा, कंपनीचं खातं डेव्हलपर ऑप्शन्समधून फोनशी जोडा, मग विंडोजवरचं अनलॉकचं साधन चालवा. ते सहसा १६८ तास थांबायला सांगतं. सात दिवस. दुकानाची किंवा वेबसाइटची परतीची मुदतही तेवढीच असेल, तर ती याच्यातच निघून जाते. म्हणून खातं पहिल्याच दिवशी जोडा, आणि मधे दुसऱ्या खात्याने लॉग-इन करू नका, नाहीतर घड्याळ पुन्हा शून्यावर येऊ शकतं. सॅमसंगच्या ज्या फोनचं कुलूप उघडतं, त्यात परकी सिस्टिम घातली की नॉक्स या सुरक्षा यंत्रणेचा फ्यूज कायमचा जळतो, सिक्युअर फोल्डर परत मिळत नाही. काही कंपन्या किल्ली देतच नाहीत.

(दृश्य : फोन, केबल, लॅपटॉप. पडद्यावर फास्टबूट मोड.)

आता प्रत्यक्ष काम. बॅटरी निम्म्याच्या वर हवी. केबल फोनसोबत आलेली किंवा तेवढ्याच खात्रीची. यूएसबी हब मधे नको. नुसती चार्जिंगची केबल लावली, तर लॅपटॉपला फोन दिसतच नाही, आणि माणसं उगाच ड्रायव्हर शोधत बसतात.

ग्राफीन ओएस लॅपटॉपवरून, त्याच्या संकेतस्थळाच्या पानावरूनच बसतं. लॅपटॉपवर क्रोमियमवर चालणारा, म्हणजे क्रोमसारखा ब्राउझर हवा, २ जीबी मोकळी रॅम, ३२ जीबी मोकळी जागा. लॅपटॉपवर उबुंटू असेल तर फ्लॅटपॅक किंवा स्नॅपमधला ब्राउझर वापरू नका, आणि एफडब्ल्यूयूपीडी ही सेवा तेवढ्यापुरती थांबवा. ती मधेच फोनवर हक्क सांगते. आवाज कमी करायचं बटण दाबून धरत फोन सुरू केला की फास्टबूट, म्हणजे लॅपटॉपकडून हुकूम घेणारा मोड, येतो. पानावरची बटणं क्रमाने दाबत जायचं. अनलॉक, डाउनलोड, फ्लॅश, लॉक. फ्लॅश, म्हणजे नवी सिस्टिम फोनवर लिहिणं, चालू असताना फोन स्वतःहून बंद होतो, चालू होतो. केबलला हात लावायचा नाही. अनलॉक करताना आणि लॉक करताना, दोन्ही वेळा फोन पूर्ण पुसला जातो, म्हणून फोटो आधीच काढून ठेवा.

(दृश्य : पिवळी खूण असलेला सूचनेचा पडदा, खाली अक्षरांची लांब ओळ.)

लॉक केल्यावर सुरू होताना हा पडदा येतो. पिवळी खूण सांगते, कुलूप लागलंय, पण सही कंपनीची नाही. खालची अक्षरांची ओळ म्हणजे त्या सहीच्या किल्लीची खूण. ग्राफीनच्या संकेतस्थळावर आपल्या मॉडेलपुढे छापलेल्या ओळीशी ती अक्षर न् अक्षर ताडून बघा. केशरी खूण दिसली, तर कुलूप उघडंच राहिलंय.

लिनिएजमध्ये काम जास्त हाताने होतं. आधी पानावर सांगितलेली फर्मवेअरची, म्हणजे कंपनीच्या मूळ सॉफ्टवेअरची, आवृत्ती फोनवर आहे ना ते बघा. ती चुकली की फोन खूण दाखवतो आणि पुन्हा पुन्हा सुरू होत राहतो. मग लिनिएजची रिकव्हरी, म्हणजे सिस्टिम बसवायचा छोटा प्रोग्रॅम, तिच्यातून डेटा फॉरमॅट, आणि मग साइडलोड, म्हणजे केबलवरून रॉम पाठवणं. लॅपटॉपवर आकडा ४७ टक्क्यांवर थांबतो आणि एक गोंधळात टाकणारा संदेश येतो. घाबरून केबल ओढू नका. फोनच्या पडद्यावर काम पूर्ण झाल्याचं दिसत असेल, तर ते झालेलं आहे. गूगलची ॲप्स हवी असतील, तर रिकव्हरी एकदा पुन्हा सुरू करून ती लगेच घाला, पहिल्यांदा फोन चालू करण्याआधी. सही जुळत नाही असा प्रश्न येईल, त्याला हो म्हणा. पहिली सुरुवात पंधरा मिनिटंही घेते. आणि लिनिएजवर बूटलोडर पुन्हा लॉक करायला जाऊ नका. फोन उठणार नाही.

(दृश्य : लिनिएज सुरू होतानाची रेषा. मग मोकळा होम स्क्रीन.)

बूटलोडर उघडा राहिला, तर काही बँकांची आणि यूपीआयची ॲप्स चालत नाहीत, आणि सिनेमे कमी दर्जात दिसतात.

(दृश्य : फोनवर कॉल लागतोय. मराठी कीबोर्डवर बोटं.)

पहिल्या आठवड्यात जुना फोन मोडीत काढू नका. सिम घातल्यावर आधी कॉल लावून बघा. जिओच्या नेटवर्कवर टूजी-थ्रीजी नाहीच, तेव्हा व्होएलटीई, म्हणजे फोरजीवरून होणारा कॉल, चाललं नाही तर इंटरनेट असूनही साधा कॉल जाणार नाही. यूपीआय, डिजिलॉकर, मेट्रोचं तिकीट यातलं जे रोज लागतं, ते एकेक करून बघा. एफ-ड्रॉइड या खुल्या ॲप्सच्या दुकानातून ॲप्स घेता येतात. मराठी टंकलेखनासाठी खुला इंडिक कीबोर्ड आहे.

लिनिएजचे नेहमीचे अपडेट सेटिंग्जमधूनच येतात. एका आवृत्तीवरून पुढच्या मोठ्या आवृत्तीवर जाताना मात्र पुन्हा केबल, पुन्हा साइडलोड. त्या वेळी गूगलचं पॅकेजही नव्या आवृत्तीचंच लागतं, आणि ते फोन चालू करण्याआधी, त्याच बैठकीत घालावं लागतं.