बारावी जीवशास्त्राची उजळणी: परभणीच्या भेंडीपासून बोंडअळीपर्यंत

नमस्कार, विद्यार्थी मित्रांनो. परीक्षा जवळ आली की जीवशास्त्राचे पुस्तक पहिल्या धड्यापासून शेवटच्या धड्यापर्यंत पुन्हा वाचून काढण्याची आपल्याकडे रीत आहे. वाचताना सगळे ओळखीचे वाटते आणि ओळखीचे वाटले म्हणून ते येते, असा समज होतो. लेखी पेपर 70 गुणांचा असतो आणि तिथे पुस्तक मिटलेले असते. म्हणून आज कोरा कागद समोर घ्या. धड्यांचा क्रम बाजूला ठेवून आपण मराठवाड्यातल्या दोन पिकांवरून उजळणी करणार आहोत.

पहिले पीक भेंडीचे. केवडा पडला की भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडतात, हे तुमच्यापैकी अनेकांनी शेतात पाहिले असेल. हा रोग विषाणूमुळे होतो आणि पांढरी माशी तो झाडाझाडांवर पसरवते. या रोगाला प्रतिकार करण्याचा गुण जंगली जातीत होता. संकराच्या मार्गाने तो लागवडीच्या भेंडीत आणून परभणीच्या कृषी विद्यापीठाने ‘परभणी क्रांती’ हे वाण तयार केले.

आता संकर कसा करतात, ते कागदावर लिहा. भेंडीचे फूल द्विलिंगी असल्यामुळे परागकोष फुटण्यापूर्वीच कळीतले पुंकेसर काढून टाकावे लागतात, त्याला इमॅस्क्युलेशन म्हणतात. नंतर नको असलेले परागकण कुक्षीवर पडू नयेत म्हणून फुलावर पिशवी बांधतात आणि योग्य वेळी निवडलेल्या नर झाडाचे परागकण कुक्षीवर टाकतात. इथून थेट दुहेरी फलनाकडे या. एक नर युग्मक अंडपेशीशी मिळून द्विगुणित युग्मनज बनतो, तर दुसरा दोन ध्रुवीय केंद्रकांशी मिळून त्रिगुणित केंद्रक तयार होते आणि त्यापासून भ्रूणपोष, म्हणजे भ्रूणाला अन्न पुरवणारा भाग, वाढतो. अंडपेशी जिच्यात असते त्या पिशवीत, म्हणजे भ्रूणकोषात, केंद्रके 8 असली तरी पेशी 7 असतात, कारण मधल्या मोठ्या पेशीत दोन केंद्रके असतात. आकृतीत 8 पेशी काढण्याची चूक मी दरवर्षी तपासताना पाहतो.

संकरित पिढीत रोगप्रतिकाराबरोबर जंगली जातीचे नको असलेले गुणही येतात, म्हणून तिचा लागवडीच्या जनकाशी पुन्हा संकर करतात. हा बॅक क्रॉस झाला. टेस्ट क्रॉसमध्ये मात्र पहिल्या पिढीचा संकर अप्रभावी, म्हणजे प्रभावी गुणासमोर झाकला जाणारा गुण दाखवणाऱ्या, जनकाशीच व्हावा लागतो. म्हणून प्रत्येक टेस्ट क्रॉस हा बॅक क्रॉस असतो, पण प्रत्येक बॅक क्रॉस टेस्ट क्रॉस नसतो. हे वाक्य पाठ करण्याऐवजी दोन्ही संकरांचे पनेट चौकोन मांडून पाहा.

हृदयाचा छेद, मेंदूचा छेद आणि चेतापेशी या आकृत्यांवर मी आज वेळ घेत नाही. त्या रोज एक याप्रमाणे नावे देऊन काढल्या, तरच हातात बसतात.

दुसरे पीक कपाशी. मातीतल्या बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूचे क्राय जनुक कपाशीत घालून बीटी कपाशी तयार झाली आणि 2002 मध्ये भारतात तिच्या लागवडीला परवानगी मिळाली. या जनुकापासून एक विषारी प्रथिन बनते. जिवाणूच्या पेशीत हे प्रथिन निष्क्रिय असते. अळीच्या आतड्यातल्या आम्लारीधर्मी माध्यमात ते विरघळून सक्रिय होते, आतड्याच्या पेशींना छिद्रे पाडते आणि अळी मरते.

तरीही आज गुलाबी बोंडअळी बीटी कपाशीवर जगते. ‘अळीला विषाची सवय झाली’ असे उत्तर लिहू नका. विषामुळे प्रतिकार निर्माण झालेला नाही. प्रतिकाराचे जनुक असलेल्या मोजक्या अळ्या आधीपासून होत्या, बाकीच्या मेल्यावर त्याच उरल्या आणि त्यांचीच संतती वाढत गेली. नैसर्गिक निवडीचे याहून जवळचे उदाहरण आपल्याला शोधावे लागणार नाही.

म्हणूनच बीटी पिकाच्या कडेने बीटी नसलेल्या कपाशीच्या ओळी लावायला सांगतात. प्रतिकाराचे जनुक अप्रभावी आहे असे धरा, साध्या ओळींत वाचलेला समयुग्मी (जनुकाची दोन्ही रूपे सारखी असलेला) संवेदनशील पतंग आणि बीटी झाडावर वाचलेला समयुग्मी प्रतिकारक पतंग यांचा संकर मांडा, आणि पहिल्या पिढीतल्या किती अळ्या बीटी झाडावर मरतील ते कारणासह लिहा.