नोकरी जाते तेव्हा काय काय जातं?

[दृश्य : बंद गिरणीचं जुनं छायाचित्र]

ऑस्ट्रियातलं मारिएंथाल. १९२९ पासून इथली कापडगिरणी बंद पडत गेली आणि जवळजवळ अख्खं गाव बेकार झालं. मारी याहोडा ही समाज-मानसशास्त्रज्ञ आणि तिचे सहकारी यांनी गावात जाऊन नोंदी घेतल्या. त्या १९३३ मध्ये पुस्तकरूपात आल्या. वाचनालयाची वर्गणी माफ झाली होती, हाताशी वेळच वेळ होता, तरी पुस्तकं नेण्याचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलं. पुरुष रस्त्यात थांबत, रेंगाळत चालायचे. अनेकांनी घड्याळ वापरणं सोडलं होतं. बायकांचीही गिरणीतली कामं गेली होती, पण घरकाम सुटलेलं नव्हतं. त्या पुरुषांपेक्षा झपाझप चालायच्या.

याहोडाने पुढे यावर बरंच लिहिलं. पगारासोबत दिवसाची घडी जाते, रोजची माणसं जातात, चार लोकांत असलेली ओळख जाते, आपला कुणाला तरी उपयोग आहे ही भावना जाते. म्हणूनच घरात पैसा शिल्लक असलेला माणूसही खचू शकतो.

[दृश्य : रिकामं कार्यालय, बंद संगणक]

२०१५ साली ६३ देशांच्या आकडेवारीचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. २००० ते २०११ या काळात या देशांत दरवर्षी सुमारे २ लाख ३३ हजार आत्महत्या होत होत्या. त्यांतल्या साधारण ४५ हजारांचा, म्हणजे पाचातल्या एकीचा, संबंध बेकारीशी लागत होता. त्यात आणखी एक गोष्ट दिसली, आणि आम्हाला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटते : आत्महत्यांचं प्रमाण बेकारी वाढण्याच्या साधारण सहा महिने आधीच वाढू लागतं. कपातीची कुजबुज सुरू झाली की धोकाही सुरू होतो. मदत मात्र बहुतेक ठिकाणी नोकरी गेल्यावरच पोहोचते.

हे आकडे जपून वाचायला हवेत. नैराश्याने किंवा व्यसनाने आधीच त्रासलेल्यांची नोकरी लवकर जाते, परत मिळायलाही वेळ लागतो. त्यामुळे सगळा दोष बेकारीच्या माथी मारता येत नाही. आणि नोकरी गेलेल्यांपैकी बहुसंख्य लोक आत्महत्या करत नाहीत. कर्ज, एकटेपणा, दारू, जुना मानसिक आजार यांची भर पडते तेव्हा धोका वाढत जातो.

तो कमीही करता येतो. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला फिनलंडमध्ये बेकारी काही वर्षांतच कित्येक पटींनी वाढली, तरी आत्महत्या घटल्या. तिथे बेकारांना आर्थिक आधार होता आणि आत्महत्या रोखण्याचा राष्ट्रीय कार्यक्रमही चालू होता. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाने बेकारांसाठी पाच सत्रांचं शिबिर तयार केलं. त्यात मुलाखतीचा सराव असतो आणि नकार आला की काय करायचं याची तयारी आधीच करून घेतात. शिबिर केलेल्यांमध्ये नैराश्याची लक्षणं कमी आढळली. ज्यांना नैराश्याचा धोका जास्त होता, त्यांना अधिक फायदा झाला.

[दृश्य : दोन माणसं समोरासमोर बसलेली]

घरात, मित्रांत कुणाची नोकरी गेली असेल तर "मिळाली का?" हा प्रश्न रोज विचारू नका. उठण्याची वेळ ठरलेली राहू द्या. अर्ज, फोन यांना सकाळचे दोन-तीन तास पुरेत. दिवसातून एकदा तरी त्या माणसाला बाहेर काढा. हप्ता थकण्याआधीच बँकेशी बोला, सोबत जा. थकल्यावर येणारे वसुलीचे फोन माणसाला फार लवकर मोडतात.

"माझं ओझं झालंय तुम्हाला" असं बोलणं, झोप उडणं, दारू वाढणं, जवळच्या वस्तू वाटून टाकणं दिसलं, तर सरळ विचारा : "जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही; उलट बोलायला वाट मिळते. उत्तर "हो" आलं तर वाद घालू नका, उपदेश नको. पुढचं ऐकून घ्या : काही ठरवलंय का, कधी? त्या माणसाला एकटं सोडू नका, घातक वस्तू त्याच्या हाताशी राहू देऊ नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. भारतात टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं. फोन तुम्ही लावा, आणि बोलणं होईपर्यंत शेजारी बसून राहा.