फोटोखालची ओळ

नमस्कार मंडळी. माझे आवडते फोटो दाखवायचे असं ठरलंय, ते दाखवतोच. पण त्यांच्या निमित्तानं एक गोष्ट तुमच्या गळी उतरवायची आहे. निसर्गाचा फोटो काढणाऱ्या हौशी माणसानं प्रत्येक फोटोखाली तारीख, ठिकाण आणि तो कसा काढला हे लिहायलाच हवं. ती ओळ नसेल तर फोटो कितीही देखणा असो, माझ्या लेखी अर्धाच. ती ओळ कशी लिहायची, कुठे हात आखडता घ्यायचा, हे शेवटी मुद्देसूद सांगतो. आधी फोटो.

हा साताऱ्याजवळच्या कास पठारावरचा दवबिंदू, म्हणजे किडे खाणारी वनस्पती. उंचीनं बोटभर आहे, पडद्यावर तुम्हाला झाडाएवढी दिसतेय. पानावरच्या एकेका लाल केसाच्या टोकाला चिकट थेंब आहे बघा. डावीकडे खाली या. चिलट अडकलंय. एक पंख अजून मोकळा आहे, बाकी अंग थेंबात बुडालंय, आणि शेजारचे केस त्याच्याकडे वळायला लागलेत. कासच्या जांभ्या दगडावर मातीचा थर अगदी पातळ, त्यात नायट्रोजन फार कमी, म्हणून ही वनस्पती किड्यांवर भागवते. फोटो वाटेवर पालथं पडून काढलाय. वाटेवर, हे मुद्दाम सांगतो. सप्टेंबरात तिथे लोक सरळ गेंदाच्या ताटव्यात फतकल मारून बसतात. अहो, गेंद, सीतेची आसवं, तेरडा ह्यांना एका पावसाळ्यात उगवून, फुलून बी धरायचं असतं. तुम्ही बसलात की तेवढ्या जागेतलं पुढच्या वर्षीचं बी गेलं.

दुसराही कासचा. सोनकीचा पिवळा गालिचा, मागे ढग उतरलेत. हा फोटो तुमच्यापैकी काहींच्या घरात भिंतीवर लागून गेलाय. एका संस्थेनं कॅलेंडरसाठी मागितला, मी आनंदानं दिला. सोबत लिहून दिलं : कास पठार, सातारा, सप्टेंबर. कॅलेंडर छापून आलं. फोटो कुठल्या पानावर? एप्रिलच्या! खाली काय? ‘निसर्गाची उधळण’. मी फोन केला. ते म्हणाले, सप्टेंबरच्या पानावर गणपती आहेत, आणि फोटोखाली मजकूर आला की रंग मरतात. मी म्हटलं, अहो, एप्रिलसाठी ताम्हण घ्यायचं होतंत! आपलं राज्यफूल, ऐन उन्हाळ्यात जांभळं फुलतं, रस्त्याकडेला उभं असतं. त्यांचं म्हणणं, एवढं कोण बघतं?

बघणारे असतात. कॅलेंडरवर फोटोशेजारी माझं नाव होतं. एप्रिलच्या शेवटी धुळ्याच्या एका गृहस्थांचा फोन आला. मुलांच्या परीक्षा झाल्या म्हणून चौकशी करून, गाडी ठरवून, आईवडिलांसकट सगळे कासला आले होते. पठारावर काय असणार? करपलेलं गवत आणि तापलेला जांभा. त्यांच्या आई जेमतेम चालणाऱ्या. ते भांडले नाहीत, फार सौम्यपणे विचारलं, ‘साहेब, फुलं कुठल्या बाजूला आहेत?’ मंडळी, हे वाक्य माझ्या कानातून जात नाही. मी लिहून दिलेले चार शब्द तिथे छापले असते तर त्या म्हातारीचा एवढा प्रवास वाचला असता. कॅलेंडरवाल्यांना मी पुन्हा पत्र लिहिलं. पुढच्या वर्षी त्यांनी फोटो मागितले नाहीत. मागितले तरी त्या ओळीशिवाय देणार नाही.

तिसरा फोटो काजव्यांचा, भंडारदऱ्याजवळचा, जूनच्या पहिल्या आठवड्यातला. हिरड्याच्या झाडावर हजारो ठिपके. ह्याखाली मी लिहिलंय : एका जागी कॅमेरा ठेवून काढलेल्या अनेक फोटोंची जोडणी. हे न लिहिणं मला फसवणूक वाटते. एका क्षणी डोळ्याला एवढे काजवे दिसत नाहीत. फोटो पाहून आलेला माणूस हिरमुसतो, मग काजवे ‘नीट’ दिसावेत म्हणून झाडाखाली जाऊन मोबाइलचा दिवा मारतो. ती लुकलुक म्हणजे जोडीदाराला घातलेली साद असते. तुमच्या दिव्यानं ती साद विझते. फ्लॅश मारणाऱ्याला तर मी तिथल्या तिथे टोकतो, मग तो कितीही मोठा फोटोग्राफर असो.

चौथा पटकन. लोणार. साधा फोटो आहे, हिरवट पाणी, डिसेंबर 2014. वर्षानुवर्षं कुणी ढुंकून पाहिलं नाही. मग 2020 च्या जूनमध्ये सरोवर गुलाबी झालं, आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं तपासून सांगितलं की खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांच्या रंगद्रव्यामुळे तसं झालं. तेव्हा माझा हा हिरवा फोटो शाळाशाळांतून मागितला गेला, शेजारी लावायला. खाली तारीख होती म्हणूनच ना?

आता माझा सर्वांत लाडका. रानपिंगळा, जंगलातलं छोटं घुबड. मेळघाट, जानेवारी 2019, सकाळी उन्हात सागाच्या उघड्या फांदीवर. डोकं बघा. गावातल्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके ठळक असतात, ह्याचं जवळजवळ कोरं. छातीवर तपकिरी पट्टा, पोट पांढरं, पाय थेट बोटांपर्यंत पिसांनी मढलेले. दिवसाउजेडी शिकार करतो.

ह्याची गोष्ट ऐका, वेळ गेला तरी चालेल. 1873 मध्ये ह्यूम ह्या पक्षितज्ज्ञानं ह्याचं शास्त्रीय वर्णन केलं. 1884 मध्ये डेव्हिडसन ह्या ब्रिटिश अधिकाऱ्यानं खानदेशात शेवटचे नमुने, म्हणजे मारून जपलेले पक्षी, गोळा केले. त्यानंतर पुरावा म्हणून एकच नमुना होता, कर्नल मायनर्ट्झहागन ह्या ब्रिटिश पक्षिसंग्राहकाचा. नमुन्यासोबतच्या चिठ्ठीवर लिहिलेलं : मांडवी, गुजरात, 1914. झालं! त्या चिठ्ठीवर विसंबून माणसं गुजरातेत शोधायला गेली आणि हात हलवत परतली. पक्षी संपला असं लोक धरून चालले. 1990 च्या दशकात अमेरिकन पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन ह्यांनी तो नमुना बारकाईनं तपासला, तेव्हा लबाडी उघड झाली. कर्नलनं डेव्हिडसनचाच पक्षी संग्रहालयातून चोरून, त्याला खोटं ठिकाण आणि खोटी तारीख चिकटवली होती. रासमुसेनबाईंनी ते ठिकाण बाद केलं, जुन्या खऱ्या चिठ्ठ्यांवरच्या जागा घेतल्या आणि बेन किंग, डेव्हिड अ‍ॅबट ह्यांच्यासह शोध सुरू केला. नोव्हेंबर 1997 मध्ये आपल्या खानदेशातल्या शहाद्याजवळ पक्षी समोर बसलेला! तब्बल 113 वर्षांनी. डेव्हिडसननं नोंद नीट लिहिली होती म्हणून तो सापडला, आणि एका माणसानं खोटी लिहिली म्हणून इतकी वर्षं सापडला नव्हता. पक्षी तोच, जंगल तेच, फरक चिठ्ठीचा. मला ह्या गोष्टीपुढे दुसरा युक्तिवादच लागत नाही.

संयोजक घड्याळ दाखवताहेत. ताम्हिणीचे आणि भिगवणचे फोटो राहू देत, मुख्य मुद्दे भराभर सांगतो.

तारीख पूर्ण लिहा. ‘पावसाळ्यात’ नको. कॅमेऱ्याचं घड्याळ सहलीला निघण्याआधी तपासा, बॅटरी पार उतरली की ते कधीकधी मागे जातं.

तुमच्या नोंदींना किंमत आहे. देशातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा 2023 चा अहवाल 942 जातींबद्दल बोलतो, आणि तो उभा आहे 30 हजारांहून जास्त पक्षीनिरीक्षकांनी ई-बर्ड ह्या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर केलेल्या सुमारे 3 कोटी नोंदींवर. त्यांतले बहुतेक तुमच्या-माझ्यासारखे हौशी.

ठिकाण मात्र जपून. घरटं, पिल्लं, दुर्मीळ ऑर्किड असेल तर तालुक्याच्या पुढे जाऊ नका. लोकेशन चालू असेल तर मोबाइल फोटोच्या आत नेमकी जागा साठवतो, पाठवण्याआधी ती काढून टाका. आय-नॅचरलिस्ट हे निसर्गनोंदींचं संकेतस्थळ धोक्यातल्या जातींची नेमकी जागा लोकांपासून लपवतं, तिथे नोंद करायला हरकत नाही. आपल्या ग्रुपवर टाकताना हे काम आपणच करायचं. घरट्याचा फोटो मी स्वतः काढतच नाही, पण तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे.

कसा काढला तेही लिहा. जोडणी केली असेल, आवाज वाजवून पक्षी बोलावला असेल, खाणं टाकून आणला असेल, तर तसं लिहा. लिहायची लाज वाटत असेल तर तसा फोटो काढू नका.

आणि शेवटचं, घरी जाऊन करण्यासारखं. कासला टोपली कारवी, अनेक वर्षांनी एकदाच फुलणारं झुडूप, 2016 मध्ये बहरली, मग 2023 मध्ये. सात वर्षांचं चक्र धरलं तर आता 2030. तुमच्यापैकी कितीतरी जण दोन्ही वेळा तिथे होते, मला चेहरे दिसताहेत. ते फोटो हार्ड डिस्कवर ‘कास नवीन’, ‘कास फायनल’ अशा फोल्डरमध्ये पडलेत. ह्या रविवारी ते उघडा, मूळ फाइलमधली तारीख बघून नाव बदला, आणि पठाराच्या कुठल्या बाजूला बहर होता आणि कुठे नव्हता, ते आठवतंय तोवर लिहून ठेवा.