आभाळ पेलणारा पक्षी

आयर्लंडच्या खेड्यांतल्या पक्ष्यांविषयीच्या समजुती हसण्यावारी नेऊ नका. त्यांत सांगितलेलं कारण बहुधा चुकतं, पण त्यामागची नजर पक्की असते. १९३७ ते १९३९ या काळात तिथल्या लोककथा आयोगानं शाळकरी पोरांना वह्या देऊन आजी-आजोबांकडून, शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून ऐकलेलं लिहून आणायला लावलं. सुमारे पन्नास हजार मुलांनी लिहिलं, आणि त्यात पक्ष्यांवरचंही पुष्कळ आहे.

रेन हा जेमतेम दहा ग्रॅमचा, शेपूट उभी धरणारा तपकिरी पक्षी. जो सर्वांत उंच उडेल तो राजा, अशी पैज लागली तेव्हा हा गरुडाच्या पिसांत दडून बसला आणि गरुड दमल्यावर वर झेपावला, अशी गोष्ट आहे. या राजाचीच २६ डिसेंबरला, सेंट स्टीफन या ख्रिस्ती हुतात्म्याच्या सणाला, शिकार होई. का, तर म्हणे त्यानं लपलेल्या स्टीफनची चहाडी केली. आरोप त्याला शोभतो खरा. एवढ्याशा जिवाचा आवाज प्रचंड, भर हिवाळ्यातही तो गातो आणि कुणी जवळ आलं की कटकट करून सगळं कुंपण जागं करतो.

शिकारीची रीत साधी होती. कुंपणाच्या दोन्ही बाजूंना पोरं काठ्या घेऊन उभी राहत आणि झुडपं झोडत. रेनचे पंख आखूड. तो या झुडपातून त्या झुडपात बुटकी, छोटी उडी मारतो, दूर जात नाही. म्हणून शेवटी दमून सापडे. मेलेला पक्षी हॉली या काटेरी पानांच्या झाडाच्या फांदीवर टांगायचा, फिती बांधायच्या, तोंडावर गवताचे मुखवटे चढवायचे आणि दारोदार गाणं म्हणत पैसे मागायचे. नकार देणाऱ्याच्या दारात पक्षी पुरला, तर त्या घराला वर्षभर बरकत नाही! आता १९७६ च्या कायद्यानं रेनला संरक्षण आहे. केरी परगण्यातल्या डिंगलमध्ये गवताचे पोशाख घालून मिरवणूक अजून निघते, पण पक्षी मारत नाहीत.

पाणलावा (स्नाइप) या पक्ष्याला तिथं ‘हिवातलं करडू’ म्हणतात, कारण संध्याकाळी आभाळातून करडू बेंबटल्यासारखा आवाज येतो. तो गळ्यातून येत नाही. पक्षी सूर मारताना शेपटीची कडेची दोन पिसं फाकवतो आणि ती वाऱ्यानं थरथरतात. पाणलावा हिवाळ्यात महाराष्ट्रातही येतो, पण हे ‘बेंबटणं’ विणीच्या जागीच चालतं. त्यामुळे आपल्याला ते ऐकू येत नाही.

कॉर्नक्रेकची गोष्ट मात्र जरा सविस्तर सांगायला हवी. हा गवतात राहणारा पक्षी रात्रभर ‘क्रेक्स-क्रेक्स’ करतो, एका फणीवर दुसरी फणी ओढावी तसा. ओरडताना मान फिरवतो, म्हणून आवाज कधी इकडून तर कधी तिकडून येतो आणि पक्षी काही दिसत नाही. न दिसणाऱ्याबद्दल काहीही सांगता येतं: तो उताणा पडून पाय वर करतो आणि आभाळ पेलून धरतो, असं लोक म्हणत. आपल्याकडे हेच टिटवीबद्दल सांगतात!

हा पक्षी कमी झाला तो कापणीमुळे. विळ्याच्या काळी गवत उशिरा कापलं जाई, तोवर पिल्लं चालती झालेली असत. मुरघासासाठी, म्हणजे मुरवून साठवायच्या हिरव्या चाऱ्यासाठी, यंत्र लवकर फिरू लागलं आणि अंडी-पिल्लं पात्याखाली आली. त्यातही कडेकडेनं आत कापत गेलं की घात होतो. कापलेल्या उघड्या पट्ट्यावरून पळायला पक्षी धजत नाही, मधल्या उरलेल्या गवतात गोळा होतो आणि शेवटच्या फेरीत सगळी पिल्लं जातात. म्हणून डोनेगल, मेयो या पश्चिमेकडच्या परगण्यांत, जिथं तो अजून उरलाय, तिथं शेतकऱ्यांना कापणी ऑगस्टपर्यंत लांबवायला सांगतात. यंत्र मधोमध घालून बाहेरच्या बाजूला कापत यायचं, वेग कमी ठेवायचा आणि बांधालगत गवताचा एक पट्टा तसाच सोडायचा. पिल्लं त्या पट्ट्यात पळतात.